छपराखालची हॉकी

बीड जिल्ह्यात पाऊस नाही पडला तरी पंचाईत आणि पडला तरी पंचाईत. नाही पडला की माणसे टँकरची वाट बघत बसतात. पडला की काळी माती पाय असा धरून ठेवते की चप्पल मागे राहते आणि माणूस पुढे जातो. १९८८ सालच्या श्रावणात मी या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेचा शाखाधिकारी होतो. वय तिशीच्या आतबाहेर, खुर्ची नवी, आणि आपल्या सहीने जग चालते असा समज पक्का. त्या दिवसांत एकदा दुपारी गावातल्या शाळेचे ड्रिल मास्तर टेबलासमोर येऊन उभे राहिले. पलटणीतून निवृत्त होऊन आलेले गृहस्थ. मिशा अजून नोकरीत असल्यासारख्या.

"साहेब, स्टिकांसाठी कर्ज मिळंल का?"

"कसल्या स्टिका?"

"हॉकीच्या. पंधरा स्टिका, दोन बॉल अन् गोलीचे पॅड. दोन हजारांत बसवतो."

मी त्यांना समजावून सांगितले. "गुरुजी, विहिरीचा फॉर्म आहे, म्हशीचा आहे, किराणा दुकानाचा आहे. खेळाचा फॉर्म आमच्याकडे नाही."

गुरुजींनी जराही न हसता विचारले, "मग म्हशीच्या नावानं द्या. पुढच्या साली म्हैस आटली म्हणून लिहू."

मी हसलो. खिशातून पन्नास रुपये काढून वर्गणी म्हणून दिले आणि आपण फार मोठे काम केले अशा समाधानात उरलेली दुपार घालवली. त्याच आठवड्यात मी ट्रॅक्टरचे एक कर्ज मंजूर केले. ट्रॅक्टरला फॉर्म होता.

पन्नास रुपयांचे काय झाले ते बघायला म्हणून एका संध्याकाळी गुरुजींनीच मला नेले. शाळेचे मैदान चिखलाने भरले होते. "पोरं घसरू लालीत, साहेब," असे म्हणत ते मला गावाबाहेरच्या जिनिंगच्या गोदामात घेऊन गेले. कापूस यायला दिवाळी उजाडायची, तोवर ते लांबलचक छप्पर रिकामे. राखणदार गुरुजींच्या ओळखीचा. आत शहाबादी फरशी, वर पत्रे आणि फरशीवर दहा-बारा मुले. काहींच्या हातात गुरुजींनी पलटणीतून आणलेल्या जुन्या स्टिका, काहींच्या हातात बाभळीच्या वाकड्या फांद्या.

तिथले नियम गुरुजींनी स्वतः केलेले होते. चेंडूला टोला मारायचा नाही, कारण पत्र्याला लागला तर राखणदार बाहेर काढील. चेंडू ढकलायचा. चेंडू उचलायचाही नाही, कारण जागा लहान आणि समोरच्याच्या नडगीला लागेल. भिंतीवर आपटून परत आलेला चेंडू मात्र चालू धरायचा. एका बाजूला सहा जण, कारण सातवा मावत नव्हता. मला त्या खेळातले फार कळत नव्हते, पण एक गोष्ट दिसली. मैदानावर ज्याच्या अंगात बळ त्याचे राज्य असते. इथे ज्याचे मनगट हलके आणि डोके जाग्यावर, त्याचे राज्य होते. एक किडकिडीत मुलगा भिंतीवर चेंडू घालून दोघांना चुकवायचा आणि पलीकडे आपलाच चेंडू आपण घ्यायचा. ऊसतोड कामगाराचा मुलगा होता. गुरुजी म्हणाले, "हा माझा हुकमाचा एक्का." दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर कारखान्यावर गेला. वैशाखात परत आला तेव्हा गोदामात अजून सरकी पडलेली होती आणि गुरुजींची बदली झालेली होती. माझीही पुढच्या वर्षी झाली.

ही हकीकत मी विसरलो होतो. ती आठवली बर्लिनमध्ये, बत्तीस वर्षांनी.

जानेवारी २०२० मध्ये मी लेकीकडे गेलो होतो. तिकडे त्या दिवसांत चार वाजले की अंधार. घरात बसून कंटाळलेल्या सासऱ्याला कुठे न्यावे हा जावयापुढचा प्रश्न असावा. तो म्हणाला, "बाबा, हॉकीची युरोपीय स्पर्धा आहे गावात. येता?" मी स्वेटरवर कोट आणि कोटावर मफलर चढवून निघालो. थंडीत हॉकी म्हणजे उघड्यावर कुडकुडणे, ही माझी कल्पना. त्याने मला एका उबदार सभागृहात नेऊन बसवले. खाली लाकडी फरशी, दोन्ही बाजूंना वीतभरापेक्षाही कमी उंचीच्या फळ्या आणि मध्ये दोन्हीकडचे सहा-सहा खेळाडू. कोणी टोला मारत नव्हते. कोणी चेंडू उचलत नव्हते. एका खेळाडूने फळीवर चेंडू घातला, समोरच्याला वळसा दिला आणि पलीकडे आपलाच चेंडू आपण घेतला.

मी जावयाला म्हटले, "हे मी पाहिलेले आहे." तो म्हणाला, "टीव्हीवर?" मी म्हटले, "नाही. बीड जिल्ह्यात."

हा खेळ म्हणजे इनडोअर हॉकी. जर्मन लोक तिला हालेनहॉकी म्हणतात, म्हणजे सभागृहातली हॉकी. ती हौसेतून जन्मली नाही, अडचणीतून जन्मली. उत्तर युरोपात हिवाळ्याचे तीन-चार महिने मैदान गोठते किंवा चिखलाचे होते. १९५० च्या दशकात जर्मन क्लबांनी हे महिने फुकट न घालवता खेळ छपराखाली आणला आणि जागेप्रमाणे कापून शिवला. मैदानी हॉकीची जागा सुमारे ९१ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. सभागृहातली ३६ ते ४४ मीटर लांब आणि १८ ते २२ मीटर रुंद. अकरांऐवजी सहा खेळाडू, त्यांत एक गोलरक्षक. सामना चाळीस मिनिटांचा. कडेला दहा सेंटिमीटर उंचीच्या फळ्या, म्हणजे चेंडू सारखा बाहेर जात नाही. गोलाच्या दिशेने मारताना सोडून एरवी चेंडू जमिनीवरून उचलायचा नाही आणि स्टिक फिरवून टोला कधीच मारायचा नाही. हे नियम वाचले तेव्हा आमच्या गुरुजींच्या मिशा डोळ्यांपुढे आल्या. दोन माणसे एकमेकांना न विचारता एकाच उत्तराला पोचतात, तेव्हा प्रश्न खरा होता असे समजावे.

पुरुषांची युरोपीय इनडोअर स्पर्धा पहिल्यांदा १९७४ मध्ये पश्चिम बर्लिनला झाली. ती पश्चिम जर्मनीने जिंकली आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ त्या देशाने करंडक दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला नाही. २००८ मध्ये रशियाने आणि २०१० मध्ये ऑस्ट्रियाने तो मान मिळवला. मी बघितलेली २०२० ची स्पर्धा पुन्हा जर्मनीनेच जिंकली. २००३ मध्ये लाइपझिगला पहिला इनडोअर विश्वचषक झाला. तो आणि त्यापुढचे दोन्ही जर्मनीचे. पण कौतुक आहे ते ऑस्ट्रियाचे. मैदानी हॉकीत या देशाचे नाव कोणी मोठ्या संघांत घेत नाही. लोकसंख्या सुमारे नव्वद लाख. मुंबईची वस्ती त्याहून जास्त. या ऑस्ट्रियाने २०१८ मध्ये खुद्द बर्लिनमध्ये जर्मनीला अंतिम सामन्यात हरवून विश्वचषक नेला आणि २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला तो राखला. जे मैदानावर जमत नव्हते ते त्यांनी छपराखाली जमवले.

कोणी म्हणेल, हे थंड देशांचे चोचले. आपल्याला काय त्याचे? तर आता आशियाकडे बघू. आशियाचीही पुरुषांची इनडोअर स्पर्धा आहे आणि ती पुन्हा पुन्हा जिंकत आला आहे इराण. भारत नाही, पाकिस्तान नाही. ज्या इराणला मैदानी हॉकीत आपण हिशेबातही धरत नाही, त्याच्या संघाने २०१८ च्या इनडोअर विश्वचषकात तिसरा क्रमांक पटकावला. यामागे जादू नाही. इराणमध्ये सभागृहांत खेळण्याची जुनी सवय आहे. सभागृहातल्या फुटबॉलची, म्हणजे फुटसालची आशियाई स्पर्धा त्या देशाने डझनाहून अधिक वेळा जिंकली आहे. त्यांनी असा विचार केला असावा की मोठे हिरवे मैदान आपल्याकडे नाही, सभागृह आहे. तर सभागृहातला खेळ खेळू. बँकेच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी आपल्याकडे तारण काय आहे ते आधी पाहिले आणि मग कर्ज मागितले.

आपण उलटे केले. आपल्याकडे नाही तेच तारण म्हणून मांडले.

१९२८ ते १९६४ या काळात भारताने हॉकीत सात ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. ती गवतावर, मुरुमावर, छावण्यांच्या आणि रेल्वे वसाहतींच्या मैदानांवर वाढलेल्या मुलांनी मिळवली. १९७५ चा विश्वचषकही गवतावरच आला. १९७६ मध्ये माँट्रियल ऑलिंपिकची हॉकी कृत्रिम गालिच्यावर झाली आणि भारत सातवा आला. त्यापूर्वी प्रत्येक वेळी पदक घेऊन परतणारा संघ प्रथमच रिकाम्या हाताने आला. सारा दोष गालिच्याचा, असे मी म्हणणार नाही. त्याच तऱ्हेच्या गालिच्यावर १९८० मध्ये मॉस्कोला आपण आठवे सुवर्ण मिळवले, आणि मधली कोरडी वर्षे संपवून टोकियो व पॅरिस या लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये कांस्यही आणले. आपल्या संघटनांतली भांडणे, उशिरा जागे होणे, हेही त्या हिशेबात धरले पाहिजे. पण गालिच्याने एक गोष्ट निश्चित केली. हा खेळ कोण खेळू शकेल याची यादी त्याने लहान केली.

कारण गालिचा नुसता अंथरून भागत नाही. त्याला पाणी लागते. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी गेली काही दशके जो गालिचा वापरात आहे तो खेळापूर्वी भिजवावा लागतो, नाहीतर चेंडू अडखळतो आणि पडणाऱ्याचे गुडघे सोलून निघतात. एका भिजवणीला हजारो लिटर पाणी जाते. मुंबईत चर्चगेटजवळ असा गालिचा आहे, पिंपरीत नेहरूनगरला आहे. ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यात तर सरकारने गटागटात गालिचे टाकले आणि त्याची फळे देशाला मिळाली. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण ओडिशाचा पाऊस ओडिशात पडतो. बीडच्या माणसाने हजारो लिटर हा शब्द ऐकला की त्याच्या डोळ्यांपुढे टँकर उभा राहतो.

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या मांजरा धरणावर लातूर अवलंबून, ते धरण आहे बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या धनेगावला. ते कोरडे पडले म्हणून ती गाडी आली. त्याच एप्रिलमध्ये क्रिकेटच्या मैदानांवर पाणी मारण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. तेव्हा बऱ्याच जणांनी नाके मुरडली. मला मात्र वाटले की या देशात प्रथमच कोणीतरी खेळाला विचारले, "बाबा रे, तू पाणी किती पितोस?" हा प्रश्न आता जागतिक हॉकी संघटनेलाही पडला आहे. पाण्याविना चालणाऱ्या गालिच्याचा शोध तिनेही चालवला आहे. तो मिळेल तेव्हा मिळेल. तोवर आमच्या मुलांनी काय करायचे?

आमच्या मुलांत खेळाडू नाहीत असे कोणी म्हणू नये. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटर पळायचा. पुढे तो लष्करात गेला, तिथे धावपटू झाला, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. त्याची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेस. तिच्यात दर फेरीला पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. टँकरच्या जिल्ह्यातल्या मुलाने पाण्याचा खड्डा ओलांडण्यात आशियात पहिले यावे, यात आमच्या जिल्ह्याचे सगळे हसू आणि रडू आले. पण त्यातही एक गोष्ट विसरू नये. धावायला रस्ता लागतो आणि रस्ता फुकट असतो. शिवाय पुढे लष्कर भेटले. हॉकीला अकरा जण, स्टिका आणि जागा लागते. पुण्याजवळच्या खडकीला दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत जागा होती, सोबती होते आणि खेळाचे वातावरण होते, म्हणून तुटक्या स्टिकने खेळणारा धनराज पिल्ले चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. गरिबी दोघांच्याही वाट्याला होती. खडकीत गरिबीच्या शेजारी मैदान होते, एवढाच फरक.

आता मी मुद्द्यावर येतो. बीड जिल्ह्याचे वर्ष कॅलेंडरप्रमाणे चालत नाही, हंगामाप्रमाणे चालते. दसरा-दिवाळी झाली की मुकादम उचल वाटून मोकळा झालेला असतो. कुठलाही फॉर्म न भरता, कुठलेही तारण न घेता तो जे कर्ज देतो त्याच्यापुढे आमच्या बँकांनी कायम हार खाल्ली. कारण त्याचे तारण माणूसच असते. मग नवरा-बायकोचा कोयता, बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर, भांडीकुंडी, शेरडू आणि मुले असा संसार साखर कारखान्यांच्या दिशेने निघतो. लाखो माणसे जातात. पाच-सहा महिने कोपीत राहतात आणि उन्हाळ्यात परततात. जी मुले मागे राहतात ती आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. म्हणजे आमच्याकडेही मैदान बंद करणारा एक हिवाळा आहेच. जर्मनीत बर्फ पडतो, आमच्याकडे गाव रिकामे पडते.

मुले गावात असतात ते दिवस कोणते? जून ते दिवाळी. म्हणजे नेमका पावसाळा, जेव्हा काळ्या मातीचे मैदान खेळायच्या लायकीचे नसते. आणि याच दिवसांत आमच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी काही मोठमोठी छपरे रिकामी पडून असतात. जिनिंगची गोदामे कापूस यायची वाट बघतात. आणि मंगल कार्यालये! आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत चातुर्मास. लग्न नाही, मुंज नाही. ज्या कार्यालयाची तारीख वैशाखात वशिल्याशिवाय मिळत नाही, तिथे श्रावण-भाद्रपदात चिमण्या नांदतात. आमच्या प्रांतात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शाळांच्या खोल्यांपेक्षा मंगल कार्यालयांची फरशी जास्त झाली असेल, असे मी गमतीने म्हणतो. पण गंमत फार नाही त्यात. शिवाय राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणानंतर तालुक्या-तालुक्याला क्रीडा संकुल ही कल्पना आली. ज्या संकुलात सभागृह उभे आहे, तिथे पावसाळ्यात दुपारी कुलूप का असावे?

मुले गावात, मैदान चिखलात आणि छपरे रिकामी, असे हे तीन योग एकाच चातुर्मासात जुळतात. पंचांग बघणाऱ्यांनी याला मुहूर्त म्हणायला हरकत नाही.

मी निवृत्त बँकवाला आहे, तेव्हा प्रकरण मांडताना त्यातली जोखीम सांगितली पाहिजे. पहिली गोष्ट, शहाबादी फरशी म्हणजे बर्लिनची लाकडी फरशी नव्हे. पडले की लागते. म्हणून लहान मुलांना गुडघ्याचे पट्टे हवेत आणि खेळावर लक्ष ठेवणारा शिक्षक हवा. दुसरी, प्रत्येक कार्यालयाला मापाप्रमाणे ३६ मीटर लांबी नसणार. नसू दे. गल्लीत क्रिकेट खेळताना कोणी टेप घेऊन खेळपट्टी मोजत नाही. चार-चार जणांचा खेळ खेळावा. तिसरी, मालकाला काचांची आणि रंगाची काळजी. पण हा खेळच असा की त्यात टोला नाही आणि चेंडू जमिनीला धरून. कडेला सुताराकडून कापून घेतलेल्या चार इंची फळ्या लावल्या की भिंतीलाही चेंडू लागत नाही. चौथी, खर्च. स्टिका आणि चेंडू एकदा घेतले की पुष्कळ दिवस चालतात. महाग पडतो तो गोलरक्षकाचा पोशाख, आणि तो शाळेला एकच लागतो. यात कुठेही पाण्याचा खर्च नाही. गावातल्या गणेश मंडळांच्या ध्वनिवर्धकांवर एका रात्रीत जे उडते त्यात एका तालुक्याची हॉकी उभी राहील. हा अंदाज माझा. चुकला तर मंडळांनी हिशेब दाखवून मला खोटे पाडावे, मला आनंदच होईल.

आणि हंगाम सुरू झाल्यावर? तेव्हा जी मुले हंगामी वसतिगृहात राहतात त्यांच्यासाठी संध्याकाळ हा दिवसातला सगळ्यात कठीण वेळ असतो. अंधार पडायला लागतो, शाळा सुटलेली असते आणि आईबाप शंभर-दोनशे कोसांवर उसाच्या फडात असतात. अशा वसतिगृहांतल्या मुलांपाशी मी बसलो आहे. त्यांना भाषण नको असते, दुधाचा पेलाही एका मर्यादेपर्यंतच. त्यांना काहीतरी असे हवे असते की ज्यात चाळीस मिनिटे आई आठवणार नाही. सामना चाळीसच मिनिटांचा असतो, हे मी वर सांगितले आहे.

यातून बीडचा एखादा मुलगा भारताकडून खेळेल का, असा प्रश्न मला विचारला जाईल. खेळेलही. जर्मनीचे पुष्कळ खेळाडू हिवाळ्यात सभागृहात आणि उन्हाळ्यात मैदानावर असे दोन्हीकडे खेळतात. चिंचोळ्या जागेत चेंडू सांभाळण्याचे शिक्षण त्यांना मैदानावर उपयोगी पडते. आपल्या हॉकी संघटनेने आशियाई इनडोअर स्पर्धेकडे लक्ष देऊन बघितले तर इराणला गाठायला नवी माणसे लागतील आणि ती कदाचित अशाच कुठल्या तरी पत्र्याखाली सापडतील. पण मी त्या आशेवर हे प्रकरण मांडलेले नाही. पदकासाठी खेळ सुरू करणे म्हणजे लॉटरीसाठी बँकेत खाते उघडणे. खाते रोजच्या व्यवहारासाठी असते. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला दिवाळीपर्यंत शाळेत यावेसे वाटावे, दिवाळीनंतर कारखान्यावर जाताना मागे राहावेसे वाटावे आणि मुलाचा हट्ट बघून बापानेही एकदा विचार करावा, एवढे व्याज मिळाले तरी माझ्या हिशेबाने हे कर्ज वसूल झाले.

खेळ म्हणजे काही देवाने दिलेली पोथी नव्हे की तिचा काना-मात्रा बदलता येऊ नये. जर्मनांनी थंडीपुढे हात टेकले नाहीत, खेळाचे माप बदलले. इराणने मैदान नाही म्हणून रडगाणे गायले नाही, छपराखालचा खेळ आपला मानला. आणि या दोन्ही देशांची नावे हॉकीच्या संदर्भात ज्यांनी कधी ऐकली नसतील अशा आमच्या गुरुजींनी सरकीच्या वासात, पत्र्याखाली, तेच केले होते. त्यांना मी फॉर्म नाही म्हणून परत पाठवले. फॉर्म नव्हता हे खरे होते. पण फॉर्म नसेल तर वरच्या कचेरीला दोन ओळी लिहून तो मागता येतो, हे मला तेव्हाही माहीत होते. मी लिहिल्या नाहीत.

मागच्या वर्षी त्या गावी एका लग्नाला गेलो होतो. जिनिंग केव्हाच बंद पडलेली. जागेवर मोठे मंगल कार्यालय झाले आहे. लग्न तिथेच होते. अक्षता पडल्या, पंगत बसली आणि मी पानावरून उठून हात धुवायला गेलो, तर मागच्या बाजूला दोन लहान मुले बाटलीचे झाकण काठीने भिंतीवर ढकलत होती. झाकण भिंतीवर आपटून परत येई आणि ती पुन्हा ढकलत. मी त्यांना म्हटले, "टोला मारू नका रे." एक जण म्हणाला, "मारत नाही आजोबा. काच फुटंल ना."

त्यांनाही नियम कोणी शिकवले नव्हते. जागा आपले नियम आपणच शिकवते. तिचे कुलूप मात्र आपल्यालाच उघडावे लागते.